अमृतपान्ह्याची मोफत लाकडं

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

'अमृतपान्हा हार्ट अँड मल्टिस्पेशालिटी'ने जानेवारीत वाटलेली ही डायरी. दहा महिने आमच्या खिडकीच्या फटीत खुपसून ठेवली होती, तावदान वाजू नये म्हणून. आज काढली. मी गोंदियाच्या या दवाखान्याचा वकील, हाती एक झकास केस आली आहे आणि घरात ऐकून घेणारं कोणी नाही. रुचीला सांगायला गेलो तर म्हणाली, "कोर्टात बोला ना, तिथं फी मिळते." बायको असावी तर अशी.

तर केस. चिचगडची देवकाबाई. जुलैत आमच्याकडे सरकारी योजनेतून छातीत पेसमेकर बसवला. ऑक्टोबरात धान कापायला गेली, बांधावर दम खायला बसली ती उठलीच नाही. आता तिचा मुलगा शालीकराम म्हणतो की मशीनच खराब होती. घ्या! साठी उलटलेली बाई, त्यात हृदयाची पेशंट, मरायला अजून काय कारण पाहिजे? पण लोकांना हल्ली मरणसुद्धा गॅरंटीकार्डासकट लागतं.

पानाच्या तळाशी छापलं आहे, 'आपलं हृदय, आमची जबाबदारी.' पुढच्या वर्षी हे वाक्य काढायला सांगितलं पाहिजे, कोर्टात अंगाशी येईल.

आईला सकाळी तुळशीपाशी चक्कर आली. कार्तिकी एकादशीचा उपास, दुसरं काय. तिच्या छातीतही दोन वर्षांपासून तसलीच मशीन आहे. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी स्वतः बसवली आणि माझ्याकडून नावापुरतेच पैसे घेतले. आई तिला डब्बी म्हणते. "डब्बी मधातच थांबून जाते गा इंद्रा," म्हणाली. म्हटलं, आई, दोन केळी खा, डब्बी आपोआप सुरू होईल.

५ नोव्हेंबर, बुधवार

बडे साहेबांच्या केबिनमध्ये बैठक. बडे साहेब म्हणजे डॉ. चंद्रकुमार, दवाखान्याचे मालक. हिंदी-मराठीची अशी खिचडी करतात की रागावले आहेत की लाड करताहेत हे बिल आल्यावर कळतं. सोबत जनसंपर्कवाला प्रफुल, तोंडात तंबाखूचा खर्रा आणि गळ्यात ओळखपत्र.

भानगड कशी झाली ते प्रफुलने सांगितलं. आमच्या दवाखान्याची 'अंत्यसेवा' नावाची योजना आहे. नाव पुढे मी दिलेलं. आमच्याकडे मशीन बसवलेला माणूस कुठेही आणि कशानेही वारला तरी दवाखाना गाडी आणि चितेची लाकडं मोफत पोचवतो. गाडीबरोबर टेक्निशियन जातो आणि छातीतली मशीन काढून घेतो, कारण आगीत तिची बॅटरी फुटते. हे खरं आहे, फुटतेच. जिथं कापसाचा बोळाही बिलात लागतो तिथं गाडीभर लाकडं फुकट! दवनीवाड्याचा सुखराम गेला तेव्हा त्याच्या चितेपाशी हात जोडून उभ्या असलेल्या पोरांचा फोटो अजून आमच्या रिसेप्शनवर टांगलेला आहे. आमचे बाबा, केशोराव, तीन वर्षांपूर्वी काविळीने गेले तेव्हाही लाकडं दवाखान्याचीच होती. त्यांची मशीन काढायच्या कागदावर मीच सही केली. त्या उपकाराखातर इथलं वकीलपत्र घेतलं, ते आजतागायत.

तर गाडी चिचगडला पोचली. शालीकराम म्हणाला, "आमच्यात जाळत नाई, माती देतेत." प्रफुल गोंदियाच्या बाजारात वाढलेला. हिंदू म्हटलं की चिता, एवढंच त्याच्या टाळक्यात. त्याला वाटलं पार्टी घासाघीस करते आहे, म्हणून हा म्हणाला, तूपही देतो! गावकऱ्यांनी हाकलला. देवकाबाईला मशीनसकट माती दिली. लाकडं परत न्यायला डिझेल लागतं म्हणून तिथंच टाकून आले. त्याच लाकडांवर तेरवीचा भात शिजला, आणि म्हणे फार छान शिजला.

इथवर ठीक होतं. पण हा शहाणा तेरवीनंतर पुन्हा गेला आणि म्हणाला, माती उकरून मशीन परत द्या. शालीकरामने विचारलं, "मेल्या बाईची बॅटरी तुमाले कायले पाह्यजे?" प्रफुल गाडीत जाऊन बसला. शालीकराम तडक देवरीला वकील गाठायला गेला.

मीही विचारलं, "खरंच, कायले पाहिजे होती?"

"एन्व्हायर्नमेंट, वकीलसाब," बडे साहेब म्हणाले. "बॅटरी जमीन में जाएगी तो धान कैसे पिकेल?"

देवमाणूस! धानाची एवढी काळजी कृषी खात्याला असती तर अजून काय पाहिजे होतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

देवरीला तहसीलदारांपुढे गेलो. समोरून वकील कोण, तर प्रेरणा. माझ्याच ऑफिसात शिकलेली पोरगी. मी शिकवलं तेवढंच वापरती तर बरं झालं असतं, पण हिने वर डोकंही वापरायला सुरुवात केली आहे. अर्ज असा की प्रेत बाहेर काढून तपासा.

मी हरकत घेतली. मृतात्म्याची विटंबना, धार्मिक भावना, पूर्वापार चालत आलेली परंपरा! बोलता बोलता मी हातसुद्धा जोडले. तहसीलदारांनी शालीकरामला विचारलं, तुमच्या भावना दुखावतील का? तो उभा राहिला आणि म्हणाला, "माय मेली तवाच दुखल्या साहेब. आता उकरून पाहा." अशा माणसापुढे परंपरेची बाजू कशी मांडायची, सांगा.

मग प्रेरणा म्हणाली, अमृतपान्ह्यात मशीन बसवलेले अजूनही काही लोक या वर्षात असेच बसल्या जागी गेले. त्या सगळ्यांची राख झाली. राखेला काही विचारता येत नाही, या एकीला तरी विचारू द्या. मी म्हटलं, "प्रेरणाताई, हृदयाचेच पेशंट मरतात, मंडईच्या जत्रेत नाचणारे मरत नाहीत." मागे बसलेले दोघं-तिघं हसले. तहसीलदार हसले नाहीत आणि त्यांनी परवानगी देऊन टाकली.

बाहेर टपरीवर चहा घेताना प्रेरणाने विचारलं, "काकू बऱ्या आहेत ना सर?" म्हटलं, ठणठणीत. कप खाली ठेवत ती म्हणाली, "एकदा नागपूरला दाखवून आणा." माझ्या घरात घुसून मला फोडायला बघते आहे. शेवटी माझीच चेली.

१६ नोव्हेंबर, रविवार

आईच्या माहेरी मंडई होती. नको नको म्हणत असताना ती आलीच. दंडारीचं नाटक बघायला पुढच्या सतरंजीवर बसली, शिंगाडे खाल्ले, आणि उठताना सरळ खाली कोसळली. डोळे पांढरे. चपला तिथंच टाकून मी तिला उचललं. पाणी मारल्यावर शुद्धीवर आली आणि पहिली विचारते काय, "माहे शिंगाडे कोन घेतले?"

तसंच अमृतपान्ह्यात नेलं. टेक्निशियनने तपासलं आणि म्हणाला, मशीन फर्स्ट क्लास, गॅस झाला आहे. बडे साहेब रविवार असून स्वतः खाली आले. आईच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्या डोक्यावर आजवर कुठल्या अशिलाने हात ठेवला आहे?

घरी येताना आई म्हणाली, "थ्या पोट्ट्यानं डब्बीले काई लावूनच नाई पाह्यलं. नुस्ता बीपी घेतला. बसवली तवा छातीवर एक गोल चकती ठेवून पाह्यली होती."

म्हटलं, आई, आता तू डॉक्टरांना शिकवणार का?

"मी कायले शिकवू? मी सांगून राहिली. तुले आयकायचं नसन तर नको आयकू."

रुची मागच्या सीटवरून म्हणाली, नागपूरला दाखवू या. हिला प्रेरणाचा फोन आला असणार. बायकांची एकजूट व्हायला वेळ लागत नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

चिचगड. जंगलातल्या हवेची लोक स्तुती करतात, त्यांनी आज यायला हवं होतं. मी दवाखान्याचा प्रतिनिधी म्हणून रुमालाला विक्स चोपडून वाऱ्याच्या उलट्या बाजूला उभा होतो. शालीकराम खड्ड्याच्या काठावर होता, नाकाला काहीही न लावता. माती निघत असताना एकदाच बोलला, "हळू घ्या गा." त्याच्याकडे बघवेना, म्हणून मी मोहाच्या झाडाकडे बघत बसलो.

मशीन निघाली. काडेपेटीएवढी, पण चपटी. सरकारी डॉक्टरांनी ती धुतली, भिंगातून नंबर वाचून पंचनाम्यात घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "हे मॉडेल कंपनीने कधीचंच बंद केलंय. जुलैत कसं बसवलं?"

म्हटलं, जुना स्टॉक असेल, जुना माल टिकतो.

"टिकला असता तर आपण इथं नसतो," डॉक्टर म्हणाले. माणसाने डॉक्टर व्हावं, वकिलासारखं बोलू नये. नंबर आता कंपनीकडे जाणार. कंपनी सांगेल की दवाखान्याला माल विकला, दवाखाना बिल दाखवेल, केस खलास.

१ डिसेंबर, सोमवार

आज मन भरून आलं. बडे साहेबांनी बोलावून घेतलं आणि म्हणाले, "वकीलसाब, माताजी को चक्कर येत आहेत, आपण मशीनच बदलून टाकू. नवी कोरी. एक रुपया नहीं लेंगे. उद्याच आणा. जुनी आमच्याकडेच जमा राहील."

मी काही मागितलं नव्हतं, तक्रारही केली नव्हती. पंधरा दिवसांपूर्वी फर्स्ट क्लास असलेली मशीन साहेब केवळ माझ्यावरच्या मायेपोटी बदलून देताहेत. असे मालक या कलियुगात!

आईला सांगितलं. ती लाखोरीची डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "न मांगता देऊन राहिला? मंग तर पक्का काहीतरी हाय." उद्या येत नाही म्हणाली, आधी दत्तजयंती होऊ दे. देवापुढे सर्जरीचंही काही चालत नाही.

३ डिसेंबर, बुधवार

साहेबांचा फोन, सकाळी आणि संध्याकाळी. माताजी कब आ रही हैं? दत्ताला एवढी घाई नाही तेवढी साहेबांना आहे. सोमवारी आणतो म्हणून सांगितलं. आई आज जिन्यात बसली होती, उगीच, कठडा धरून.

८ डिसेंबर, सोमवार

नागपूर. इथल्या एका दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितो आहे.  राग आला आहे की भीती वाटते आहे, ते ठरवायचं अजून राहिलं आहे.

सकाळी आईला अमृतपान्ह्यात भरती केलं, रुचीला तिच्यापाशी बसवलं आणि मी कोर्टात गेलो. बाररूममध्ये प्रेरणा वाट बघत होती. कंपनीचं उत्तर आलं होतं. देवकाबाईच्या छातीतून निघालेली मशीन अमृतपान्ह्यात खूप वर्षांपूर्वी एका दुसऱ्याच पेशंटला बसवली होती. नाव सुखराम, राहणार दवनीवाडा.

सुखराम! रिसेप्शनवरच्या फोटोतला. त्याच्या चितेची लाकडं आमची, त्याची मशीन काढून आणणारा टेक्निशियन आमचा. सुखराम जळाला, मशीन धुऊन पुसून चिचगडला गेली. वापरलेली, मरत आलेली बॅटरी, आणि योजनेतून पैसे नवीच्या भावाने. माझ्या अंत्यसेवेने माणसं पोचवली नाहीत, माल परत आणला. आणि प्रफुलला माहीतच नव्हतं की काही लोक माती देतात, म्हणून तो हाकलला गेला आणि एवढी एकच मशीन मातीत राहून पुराव्याला सापडली.

मी खुर्चीत बसलो. प्रेरणाने पाणी दिलं. मग हळू आवाजात विचारलं, "सर, काकूंची?"

"आज बदलून देताहेत," मी म्हटलं. "मोफत."

तो शब्द माझ्याच कानावर आला आणि मी उठलो. गाऊन अंगावर, पट्टा गळ्यात, तशीच मोटारसायकल काढली. गोरेलाल चौकात कोणाला तरी धक्का लागला, त्याने आई काढली. म्हटलं, भाऊ, तिच्याचसाठी चाललो आहे.

ऑपरेशनच्या दारात आई ट्रॉलीवर, हिरवा झगा घालून. रुची ट्रॉलीचा दांडा धरून उभी होती आणि म्हणत होती, हे आल्याशिवाय आत नेऊ देणार नाही. माझ्या बायकोला मी बारा वर्षं ओळखलंच नाही. प्रफुल दार उघडून तयार.

"हिला नेत नाही आत," मी म्हटलं. "घरी नेतो."

"सर, असं कसं, साहेब आत थांबलेत."

आईने एक डोळा उघडला. "काऊन गा, लाकडं संपले काय यांचे?"

तेवढ्यात बडे साहेब हातमोजे घालून बाहेर आले. आज हिंदी नव्हती, शुद्ध मराठी. "वकीलसाहेब, रस्त्यात आईंना काही झालं तर जबाबदारी तुमची."

"डायरीत तर तुमची छापली आहे," मी म्हटलं आणि आईला ट्रॉलीवरून उचललं. काय वजन राहिलं आहे तिचं, आमची मुलगी खुशी लहान होती तेव्हा एवढी होती. कोणी अडवलं नाही. वकिलाला अडवायचं झालं तर दुसरा वकील लागतो, आणि त्यांचा वकील मीच होतो.

सकाळी आईला आणलेली कार दवाखान्यातच होती, ती रुचीने चालवली. मी मागे आईचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. भंडाऱ्याच्या पुलावर तिचे डोळे फिरले. मी तिच्या गालावर चापट्या मारत ओरडत होतो, आई, बोल, काहीही बोल, मला शिव्या दे! मला असं भेव कधीच वाटलं नव्हतं. पूल संपेपर्यंत तिचा श्वास सापडेना. मग ती कुजबुजली, "मारतं कायले बे मेल्या, लागते ना." एवढी गोड शिवी आयुष्यात खाल्ली नाही.

इथल्या डॉक्टरांनी तिच्या छातीवर एक गोल चकती ठेवली. आई माझ्याकडे बघून नुसती हसली, ही पाहा, अशा अर्थाने. पडद्यावर अक्षरं उमटली. बॅटरी संपत आलेली, मधूनमधून बंद पडणारी. डॉक्टर वाचता वाचता थांबले. मशीनच्या पोटात पहिल्या पेशंटचं नाव राहून जातं म्हणाले, पुसायला कोणीतरी विसरलं आहे.

"हे केशोराव कोण?" त्यांनी विचारलं.

 रुची म्हणाली, "माझे सासरे."

दवाखान्याच्या कपाटात एवढ्या मशीनी पडल्या असतील, पण माझ्या आईसाठी हात घातला तो नेमका बाबांच्याच मशीनवर. मुद्दाम नाही, मुद्दाम करायला आधी नाव वाचावं लागतं. कोण कोणाचा नवरा हे बघायला तिथं वेळ कोणाला होता? बाबांच्या चितेपाशी सही करून मी ती मशीन त्यांच्या हवाली केली, वर दोन वेळा वाकून आभार मानले.

तात्पुरती तार लावून आईला स्थिर केलं. उद्या नवी बसवतील. तिला सांगावं की नाही, कळेना. रुचीने सांगितलं. 

"म्हंजे दोन साल थेच मले चालवून राहिले होते?"

"हो आई."

"तरीच," ती म्हणाली. "जित्ते होते तवाबी ऐन कामाच्या वक्ताले असेच बसून जात."

मी हसलो. हसत हसत बाहेर आलो आणि या बाकावर बसून पोरासारखा रडलो.

९ डिसेंबर, मंगळवार

नवी बसली. खोक्यातून माझ्यासमोर काढली, मी नंबर तीनदा वाचला. जुनी मशीन पोलिसांनी पंचांसमोर ताब्यात घेतली. पिशवीला सील लावण्याआधी आईने ती एकदा मागितली. डॉक्टरांनी हातमोज्यावर ठेवून तिच्यासमोर धरली. आईने हात लावला नाही, फक्त डोक्यावरून पदर घेतला.

प्रफुलचा मेसेज आला आहे, 'सर, साहेब विचारत आहेत मशीन कुठे आहे.' आईची तब्येत कशी आहे हे विचारायचं बहुतेक पुढच्या मेसेजमध्ये असेल.

१२ डिसेंबर, शुक्रवार

वकीलपत्र सोडल्याची चिठ्ठी अमृतपान्ह्यात पाठवून दिली. दवाखान्यातल्या आतल्या गप्पा मला कोर्टात उगाळता येणार नाहीत, तो माझा धंद्याचा नियम आहे. पण माझी आई, माझा बाप आणि माझी सही हे कोणाचं गुपित नाही. प्रेरणा माझी वकील. तिने फी सांगितली, आणि मला अशिलाला काय वाटतं ते पहिल्यांदा कळलं.

शालीकराम आईला बघायला चिचगडहून आला, पोतंभर वाळलेली मोहफुलं घेऊन. तहसीलमध्ये मी काय काय बोललो ते दोघांनाही आठवत होतं. मी म्हटलं, माफ करा. तो म्हणाला, "तुमची माय वाचली ना, बस झालं." मग आईशीच बोलत बसला. त्याच्यापुढे मला एकही टोमणा सुचला नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

आज आईचा जबाब घ्यायला पोलीस जमादार घरी आले. आई पलंगावर उशीला टेकून बसली होती, आंघोळ करून, इस्त्रीचं लुगडं नेसून. जणू मुलगी बघायला पाहुणे यायचे होते. चहा झाला. जमादारांनी कागद काढले. सावित्रीबाई, वय, पत्ता, धंदा शेती आणि घरकाम. मग त्यांनी मान वर न करता पुढचा प्रश्न विचारला.

"यजमान हयात आहेत का?"

आईने नव्या मशीनच्या पट्टीवर हात ठेवला.

"मांगच्या मंगळवारपर्यंत होते," ती म्हणाली.

जमादारांचा पेन थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, लिहा साहेब, बरोबर सांगून राहिली ती.